देवळीतलं पाणी

देवाशी माझं बोलणं सुमारे तीस वर्षं बंद होतं. त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण भांडायचं तरी समोर कुणीतरी आहे असं वाटावं लागतं. घरात देव्हारा आहे, बायको मनापासून पूजा करते, आणि आंघोळ करून त्याच्यासमोरून जाताना मी कपाळाला हात लावतो. रस्त्यात एखाद्या विद्यार्थ्याचे वडील दिसले की आपण मान हलवतो, तेवढाच त्याचा अर्थ. मी लातूरला क्लासमध्ये वनस्पतीशास्त्र शिकवतो. मुखेड, उदगीर, देगलूर, कुठून कुठून मुलं येतात, डॉक्टर व्हायचं म्हणून. पान कसं श्वास घेतं, मूळ पाणी कसं ओढतं हे मी त्यांना फळ्यावर अगदी सुरेख काढून दाखवतो. पण खरं सांगतो, रोग्यांच्या एका सेवाघराची बाग माझ्या हाती येईपर्यंत मी स्वतः एक मेथीची जुडीसुद्धा उगवलेली नव्हती. इतक्या उशिरा मला हा अनुभव का आला ते माहीत नाही. जसा आला तसा लिहून ठेवतो आहे. त्यातून काही सिद्ध करायचं नाही, तो माझा धंदाही नाही; मी फक्त परीक्षेला येणारं सिद्ध करतो.

भूकंप झाला तेव्हा मी बारावीला होतो आणि लातूरला खोली करून राहत होतो. गावाकडे गणपती बुडवायला यायचं अक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला, कबूल केलं होतं. पण दुसऱ्या दिवशी क्लासची चाचणी होती, म्हणून गेलो नाही. पहाटे आमचं गाव पडलं. दगडमातीच्या भिंती, वर मातीचं जड माळवद, असं आमचं घर. आई त्यात गेली. अक्काची पाच वर्षांची चिमी गेली. दाजी आधीच वारले होते, म्हणून अक्का लेकीला घेऊन माहेरीच असायची. तिला लोकांनी दुपारी बाहेर काढलं, उजवा हात मोडलेला. मी पोचलो तेव्हा ती लिंबाखाली बसली होती. मला बघून ती एवढंच म्हणाली, "आलास? जेवलास का न्हाई?" मी त्या दिवशी रडलो, पण देवासमोर नाही. त्याच्याकडे पाठ केली ती तेव्हा.

पुढे मला अक्कानेच शिकवलं. सरकारने नवं गाव वसवलं, तिथे तिला दोन खोल्यांचं घर मिळालं. दोन म्हशी ठेवून, लोकांच्या शेतात राबून तिने माझं कॉलेज पुरं केलं. मी नोकरीला लागलो, लग्न झालं, लातूरला फ्लॅट घेतला. अक्का यायची, माझ्या मुलांचे लाड करायची, माझ्या बायकोला भाकरी कशी थापायची ते शिकवून तिच्या भाकरीला नावं ठेवायची. पण झोपायला ती छताखाली कधीच आली नाही. नव्या गावातही ती अंगणात बाज टाकून झोपायची. पावसाळ्यात पत्र्याखाली. आमच्या गच्चीवर तिच्यासाठी मी चार पत्र्यांचा आडोसा करून घेतला, त्याला मुलं 'अक्काचा महाल' म्हणायची. त्या रात्रीबद्दल ती कधी बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. आणि एवढं होऊनही ती रोज संध्याकाळी दिवा लावायची, दर नवरात्रात माहूरगडाच्या पायऱ्या चढून रेणुकाआईला भेटून यायची आणि येताना तिथला तांबूल पानात बांधून आणायची. माहूरला देवीला विडा कुटून देतात, तोच प्रसाद. मी चेष्टा करायचो, "अक्का, ज्या देवीनं घर वाचवलं नाही तिच्यासाठी गुडघे कशाला झिजवतीस?" ती माझ्या तोंडात तांबूल कोंबून म्हणायची, "तू वाचलास की. गप खा."

सेवाघर लातूरबाहेर नांदेडच्या रस्त्याला आहे. ज्या रोग्यांना मोठे दवाखाने 'आता घरी न्या' म्हणतात त्यांना तिथे ठेवतात. दुखणं कमी राहील, अंग स्वच्छ राहील, जवळ माणूस राहील एवढंच तिथलं औषध. ते चालवणारी शुभांगी मुखेडची, माझी जुनी विद्यार्थिनी. वर्गात पहिल्या बाकावर बसून मला अवघड प्रश्न विचारायची. एक दिवस घरी आली आणि म्हणाली, आमच्या मागच्या अंगणात एक मोठा कडुलिंब आहे, बाकी मोकळं. तिथे बाग करून द्या. रोग्यांना शांत बसता येईल, नातेवाइकांना रडायला जागा होईल. मी म्हणालो, माळी बघ. ती म्हणाली, "सर, माळी फुलं लावेल. मला जागा पाहिजे. तुम्ही विचार करून करता." एवढं चढवल्यावर कोण नाही म्हणेल?

मी विचार करूनच केली, हीच तर अडचण झाली. कागदावर आखणी केली, पुस्तकं मागवली, कुठल्या कुठल्या देशातल्या दवाखान्यांच्या बागा पाहिल्या. लिंबाला मध्यावर धरून भोवती जाई, निशिगंध, गवती चहा, तुळस, अडुळसा, तगर अशी झाडं लावली आणि प्रत्येकापुढे शास्त्रीय नावाची पाटी रोवली. क्लासमधले जुने बाक निघाले होते, ते रंगवून आणले आणि लिंबाकडे तोंड करून ओळीत मांडले. तीन ओळी, मध्ये जायला वाट. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. शिरूर अनंतपाळकडचे एक आजोबा होते, फुप्फुसाचा आजार, बोलताना धाप लागायची. ते पहिल्याच दिवशी शेवटच्या बाकावर बसले, पुढच्या रिकाम्या बाकांकडे बघितलं, पाट्या बघितल्या आणि मला विचारलं, "सर, पेपर कवा हाय?" शुभांगी तोंडाला पदर लावून आत पळाली. दुसऱ्या दिवशी मी बाक विस्कटून मांडले आणि पाट्या काढल्या. आजोबा दसऱ्याच्या आधीच गेले. त्यांचा पेपर सोपा गेला, असं शुभांगी म्हणाली.

पण बाकांची चूक हसण्यावारी गेली. दुसरी चूक मोठी होती, आणि तिचं तर सगळ्यांनी कौतुक केलं. अंगणाला तीन बाजूंनी आडोसा पाहिजे होता. मला आमचं जुनं गाव आठवलं. ते तसंच पडून आहे, बाभळी उगवल्या आहेत, दगडांचे ढीग जिथल्या तिथे. ग्रामपंचायतीला विचारून मी आमच्या घराच्या जागेवरचे घडीव काळे दगड ट्रॅक्टरने आणवले आणि छातीभर उंच भिंत रचून घेतली. सांध्यात सिमेंट घालू दिलं नाही, तिथे नेचे उगवावेत म्हणून. उद्घाटनाच्या दिवशी मी बोललोसुद्धा, की जे दगड एकदा कोसळले ते आता दुखणाऱ्यांना आधार देतील. टाळ्या पडल्या. मनात होतं की अक्काला एक दिवस आणून दाखवीन, सांगीन की बघ, आपलं घर परत उभं केलं. तिला ते आवडेल याबद्दल मला जराही शंका नव्हती. तीस वर्षं जी बाई छताखाली झोपली नाही, तिचा भाऊ असून मला शंका आली नाही, याची आजही लाज वाटते.

अक्का आली, पण बघायला म्हणून नाही. पोटात दुखतं म्हणत होती, ती पोटातला कॅन्सर घेऊन बसली होती. कुणाला सांगितलंच नव्हतं. नांदेडला दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता पोटाला हात लावण्यात अर्थ नाही. थोडे आठवडे असतील. घरी आणलं, पण दुखणं असं उठायचं की तिच्यासारखी बाई बाजेची दोरी दातात धरायची. घरच्या गोळ्यांनी ते भागेना. शुभांगी म्हणाली, इथे आणा, मी तिला दुखू देणार नाही. आणलं. दुखणं खरंच थांबलं, पण वॉर्डात वर सिमेंटचा स्लॅब. अक्का उताणी पडून नुसती वर बघत राहायची. जेवेना, झोपेना. कुणी दार आपटलं की अंग आखडून घ्यायची. दुसऱ्या दिवशी मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, चल, तुझ्यासाठी बाहेर जागा केली आहे. चाकाच्या खुर्चीवरून मागच्या अंगणात नेली.

तिने लिंबाकडे बघितलं, हसली. मग नजर भिंतीवर गेली. एका दगडावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. तिने माझं मनगट धरलं. त्या हातात इतकं बळ कुठून आलं मला कळलं नाही. "बापू," ती म्हणाली, "हितं नको. मला घरी ने. दुखलं तर दुखू दे." ती माझ्यावर रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. परत आत नेताना तिने माझा हात थोपटला, जणू चूक तिचीच होती.

आता मार्ग दोनच होते. घरी नेलं तर दुखणं, इथे ठेवलं तर भीती. इमारतीच्या पुढे रस्ता आणि मागे हे एवढं अंगण, तिसरी जागा नव्हती. म्हणजे भिंत पाडायची, तीही ताबडतोब, कारण शुभांगीने दिवसांचा हिशोब मला स्पष्ट सांगितला होता. पण सोयाबीन काढणीला आलेलं. परतीच्या पावसाच्या आत माल घरात आणायला अख्खा जिल्हा रानात होता. ज्याने भिंत रचली तो शेतावर, त्याचा भाऊ शेतावर, नाक्यावर एक मजूर नाही. शेवटी मी क्लासला सुट्टी दिली आणि स्वतः लागलो. सकाळपासून दुपारपर्यंत पाच दगड काढले. सहावा पायावर येता येता वाचला आणि कंबर धरली. पन्नाशीला टेकलेला, खडू धरणारा हात, त्याच्याकडून आणखी काय होणार.

तेव्हा मी त्या पाच दगडांशेजारी बसलो आणि तीस वर्षांनी देवीशी बोललो. ती प्रार्थना नव्हती. मी चिडलो होतो, आणि चिडायला समोर कुणीतरी आहे असं पहिल्यांदा वाटत होतं. मी म्हणालो, ही बाई तीस वर्षं तुझ्या पायऱ्या चढली. यंदा नवरात्रात हिला उठता आलं नाही, तर 'आईकडं जायचं राहिलं' म्हणून माझ्याजवळ रडली. स्वतःच्या मरणाला रडली नाही, त्याला रडली. आता हिला तुझ्याकडे येता येत नाही. तुला आई म्हणतात ना, मग तू ये. माझ्याच्यानं काही होत नाही. हे शेवटचं वाक्य मी मोठ्याने म्हणालो असावा, कारण आतून एक नर्स डोकावून गेली. जन्मभर मी 'होईल, करू' म्हणणारा माणूस. 'माझ्याच्यानं होत नाही' हे तोंडातून बाहेर पडलं आणि आत काहीतरी सैल झालं.

थोड्या वेळाने फाटकाजवळ एस. टी. बंद पडली. एस. टी. बंद पडणं आपल्याकडे चमत्कारात मोडत नाही, हे मला ठाऊक आहे. उतारू खाली उतरले, काही जण पाणी मागायला आत आले. त्यात एक नवरा-बायको होती, साठीच्या आसपासची. तो बारीक, काटक, एका गुडघ्यात लंगडणारा. तिच्या कपाळाला ही एवढी कुंकवाची चिरी. तो पाणी प्यायला आणि तांब्या हातात तसाच ठेवून माझ्या भिंतीकडे बघत राहिला. मग जवळ जाऊन एका दगडावरून पंजा फिरवला. तो जन्मभर दगडकाम करणारा निघाला. "ह्यो घराचा दगुड हाय," तो म्हणाला. "आतल्या अंगाचा. बगा, धुराचं काळं अजून हाय." मी म्हणालो, आमच्याच घराचा आहे, भूकंपात पडलेल्या. मग का कोण जाणे, मी त्या अनोळखी माणसाला सगळं सांगितलं. अक्का, छत, चिमी, टाळ्या, सगळं.

त्याने ऐकून घेतलं. मला बोल लावला नाही. म्हणाला, "ज्यानं माणूस दाबला त्यो दगुड पुन्ना उभा करू नये, सर. त्याला निजवावं. पायाखाली घ्या. मग त्यो बी निवतो, माणूस बी निवतं." त्यांच्यात तशी रीत आहे, तो म्हणाला. पडक्या घराच्या दगडाची भिंत करत नाहीत, त्याचा ओटा करतात, नाहीतर विहिरीच्या पायरीला लावतात. मी इतकी पुस्तकं पाहिली, हे कुठेच वाचलं नव्हतं. दुसरी एस. टी. आली, लोक चढले. त्याने बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "जाऊ उद्या. घरी कोण वाट बघून राहिलं आपली?" आणि तिने पिशवी लिंबाच्या बुंध्याशी ठेवली.

दोन दिवस ते राहिले. त्याने पहार मागितली, दोन लाकडी ओंडके मागितले, आणि जो दगड मला हलत नव्हता तो त्याच्या हाताखाली आपण होऊन उतरायचा. सेवाघराचा ड्रायव्हर, स्वयंपाकी, रोग्यांचे दोन-तीन नातेवाईक मदतीला आले. मला त्याने दगड उचलू दिला नाही, मातीची पाटी दिली. लिंबाभोवती दगड आडवे बसवत रुंद, वीतभर उंच असा ओटा तयार होऊ लागला, आपल्याकडे शेताच्या बांधावर माणसं बसतात तसं कुणालाही बसता यावं असा. आणि लोकांनी पुढे या माणसाबद्दल काय काय सांगायला सुरुवात केली आहे म्हणून मुद्दाम लिहितो, त्याने रीतसर मजुरी घेतली, चहात साखर कमी पडली तर तसं तोंडावर सांगितलं, आणि दुपारी घोरत झोपला. तो माणूसच होता. फक्त ज्या वेळी यायला पाहिजे त्या वेळी आला.

त्याची बायको मात्र पहिल्याच दिवशी आत अक्काजवळ जाऊन बसली होती. मी चहा घेऊन गेलो तर दोघी बोलत होत्या. तिने पिशवीतून पळसाच्या पानाचं पुडकं काढलं आणि उलगडलं. हिरवा, ओला तांबूल. ते दोघं माहूरहून येत होते. नवरात्रातली गर्दी ओसरल्यावर दर वर्षी जायचे, म्हणाली. मी दारातच थांबलो. ती चिमटीने थोडा थोडा तांबूल अक्काच्या ओठांना लावत होती. तीन दिवसांत अक्काने पाण्याशिवाय काही गिळलं नव्हतं. तिने तो तोंडात धरला, डोळे मिटले, हळूहळू चघळला. मग मला दारात बघून म्हणाली, "बघ, आई आली का न्हाई?" मी चहा तिथेच ठेवून बाहेर आलो आणि मातीची पाटी उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःहून म्हणाली, मला बाहेर घ्या, काय चाललंय बघू. तोवर भिंत गुडघ्याच्या खाली आली होती, पलीकडचं सोयाबीनचं रान दिसत होतं. आम्ही तिची बाज लिंबाच्या सावलीत टाकली. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो, पुन्हा मनगट धरते की काय म्हणून. तिने थोडा वेळ बघितलं आणि मग तिच्यातली जुनी अक्का जागी झाली. हा कलला आहे, तो सरळ घ्या, त्याच्याखाली माती भरा, बापू, तुला पाटी धरता येत न्हाई, कुणी तुला मास्तर केलं. दगडकाम करणारा हसून तिचं ऐकत होता. मरणाच्या दारातली बाई बाजेवरून सगळ्यांना कामाला लावत होती, आणि शुभांगी खिडकीत उभी राहून डोळे पुसत होती. मला तर त्या दिवशी तिच्या शिव्या खाताना लहान झाल्यासारखं वाटलं, आणि फार बरं वाटलं.

शेवटी तळातला एक मोठा दगड निघाला. एका अंगाला खोलगट, ओंजळभर खोदलेला, आत काजळी. जुन्या घरात दार उघडलं की उजव्या हाताला असायची ती दिवा ठेवायची देवळी, एकाच दगडात कोरलेली. भिंत रचणाऱ्याने तिचं तोंड मातीकडे करून ती पायाला घातली होती, म्हणून मला कधी दिसली नव्हती. अक्काने ती लगेच ओळखली. तिने हात पुढे केला. दोघांनी दगड उचलून तिच्या बाजेशी आणला. तिने त्या खळग्यात बोटं घातली, काजळी बोटाला लागते का बघितलं. मग ती बोलली, तीस वर्षांत पहिल्यांदा, आणि इतक्या साध्या आवाजात की आधी मला कळलंच नाही ती कशाबद्दल बोलते आहे.

"चिमी लगेच न्हाई गेली, बापू. माझा हात तिच्या केसापातूर पोचत हुता. ती पाणी मागत हुती. हात पोचत हुता, पाणी न्हवतं."

दगडकाम करणाऱ्याने पहार खाली ठेवली. मी बाजेशी खाली बसलो आणि अक्काच्या पायांवर डोकं ठेवलं. मला म्हणायचं होतं की मी चाचणीसाठी थांबलो, यायला पाहिजे होतं. म्हणालोही असेन. ती माझ्या केसांतून हात फिरवत राहिली. तेवढ्यात त्या माणसाने काय केलं, तर तो दगड आडवा केला, देवळीचं तोंड आभाळाकडे करून, आणि ओट्याच्या कडेला, बाजेच्या उशाशी मातीत पक्का बसवला. भिंतीत उभी असताना जिच्यात दिवा राहायचा ती देवळी आता वाटीसारखी दिसत होती. त्याच्या बायकोने तांब्या आणला. तिने तो अक्काच्या हातात दिला आणि आपला हात खाली धरला. अक्काने त्या खळग्यात पाणी ओतलं, काठोकाठ. काजळी थोडी वर आली, मग खाली बसली. आणि आम्ही सगळे तिथेच असताना एक चिमणी फांदीवरून उतरली, दगडाच्या कडेवर बसली, आजूबाजूला बघितलं आणि प्यायली. अक्का तिच्याकडे बघत होती. "पी बाई," ती म्हणाली, "सावकाश पी."

ते दोघं संध्याकाळच्या गाडीने गेले. नाव-गाव विचारायचं राहून गेलं. हे मला कुणी दुसऱ्याने सांगितलं असतं तर माझा विश्वास बसला नसता, पण खरंच राहून गेलं. अक्काच्या तंद्रीत होतो.

त्यानंतर अक्का अकरा दिवस राहिली, सगळे दिवस लिंबाखाली. पाऊस आला नाही. शुभांगीने औषधाची नळी तिथेच बाजेला टांगली. ती गाढ झोपायची, दुपारी कुणी बोलत असलं तरी. इतर रोगीही बाहेर येऊ लागले. बाकांवर नाही, ओट्यावर, मांडी घालून, दगडांवर पाय सोडून. मी आखलेल्या बागेत कुणी बसत नव्हतं, या न आखलेल्या जागेत जागा पुरेना. रोज सकाळी पहिलं काम म्हणून अक्का देवळीत पाणी घालायला लावायची. तिला तांब्या उचलेनासा झाला तेव्हा मी घालायचो आणि तिचा हात तांब्याला लावून घ्यायचो.

ती गेली ती सकाळीच, ऊन लिंबाच्या पानांतून खाली येत होतं तेव्हा. श्वास लांब पडू लागले होते. शुभांगीने मला खूण केली. चमच्यात पाणी घेऊन, त्यात उरल्या तांबुलाचा एक कण घालून मी तिच्या ओठांशी नेलं. तिने घेतलं. तो घोट आत उतरलेला मला तिच्या गळ्यावर दिसला. शिकवायला म्हणून मी हे हजारदा फळ्यावर काढलं आहे, पाणी कसं कुठे पोचतं ते. पण पाणी पोचलं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. तिचा चेहरा इतका निवांत होता की मी किती वेळ चमचा तसाच धरून बसलो होतो कुणास ठाऊक.

भूकंपात देव कुठे होता, हे मला अजूनही माहीत नाही. तो प्रश्न मी सोडून दिलेला नाही. अक्कालाही त्याचं उत्तर माहीत होतं असं वाटत नाही. पण उत्तर नसताना रोज दिवा लावता येतो, हे मला तिच्याकडून फार उशिरा कळलं. मी माझ्या हुशारीने एक भिंत बांधली. ती माझ्याच्याने पाडताही आली नाही. मी हात टेकले तेव्हा कुणीतरी येऊन ती आडवी केली, आणि त्यातली एकुलती एक कामाची वस्तू, जी मी उलटी करून पुरून टाकली होती, ती वर काढून दिली. आई रेणुके, मी रागाने बोलावलं तरी तू आलीस. तुझ्या लेकीसाठी आलीस, हे मी जाणतो. माझ्यावर त्याचं थोडं शिंपण झालं, तेवढं मला पुष्कळ आहे.

सकाळचा पहिला तास मी आता थोडा उशिरा ठेवला आहे. मुलांना वाटतं सरांचं वय झालं. नांदेडच्या रस्त्याला सेवाघरापाशी उतरतो, नळाखाली तांब्या भरतो आणि ओट्याच्या कडेची देवळी काठोकाठ भरतो. काजळी अजून पुरती गेलेली नाही. मग बाजूला होऊन उभा राहतो. चिमण्या आधी मी लांब जातो का ते बघतात, मग उतरतात. त्या प्यायल्या की मी शिकवायला जातो.